चांद्याला सेवेसाठी येताय? रविवार राखून ठेवा

दिवाळी आटोपली की आमच्या घरामागच्या दोन खोल्या आम्ही सारवून-झाडून ठेवतो. पुण्याकडची, कोल्हापूरकडची, कधी थेट कोकणातली पोरं-पोरी दोन-तीन महिने गावात राहून काम करायला येतात. कोणी शाळेत शिकवतं, कोणी आरोग्याच्या कामाला हात लावतं, कोणी बंधाऱ्यांच्या. आमचं गाव वरोरा-भद्रावतीच्या पट्ट्यातलं. निरोप घ्यायला ही पोरं ओट्यावर बसतात तेव्हा बहुतेकांच्या तोंडून एकच निघतं, "काकू, ताडोबा झाला, पण चांदा पाहायचा राहूनच गेला."

चांदा म्हणजे चंद्रपूर. कागदावर १९६४ पासून चंद्रपूर, पण बसमध्ये म्हातारी माणसं अजून चांद्याचंच तिकीट मागतात. विदर्भाच्या दक्षिण टोकाला असलेली ही गोंड राजांची राजधानी. शहराभोवती सुमारे ११ किलोमीटरचा दगडी परकोट आहे, आणि त्याच्या आत आजही बाजार भरतो, लग्नं लागतात, पोरं शाळेत जातात. एका दिवसासाठी येणारा माणूस गाडीतून दोन दरवाजे पाहतो आणि पुढे निघतो. तुम्ही दोन-तीन महिने राहणार आहात, म्हणून तुम्हाला हे शहर तुकड्या-तुकड्यानं, पायी बघता येईल. ते कसं, हेच पुढे सांगते.

पहिलं: काम पक्कं करा, तिकीट नंतर

"मी येतो, काहीही काम द्या" असं म्हणत येऊ नका. गावाला तुमच्यासाठी काम शोधत बसायला वेळ नसतो. आधी फोनवर पाच गोष्टी विचारून घ्या: रोज काम कोण सांगणार, राहायचं कुठे, जेवणाचं काय, आजारी पडलो तर दवाखान्यात कोण नेणार, आणि आठवड्याची सुटी कोणत्या वारी. पाचवा प्रश्न पोरं लाजून विचारत नाहीत. विचारा. तुमचं सगळं फिरणं त्याच एका दिवसावर उभं आहे.

इकडे सेवेची परंपरा जुनी आहे. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं ते १९४९ मध्ये. मूल तालुक्यात सोमनाथ इथे दरवर्षी १५ ते २२ मे श्रमसंस्कार छावणी भरते. तीन महिने झेपतील का, अशी शंका असेल तर आधी ते आठ दिवस करून बघा. मे महिन्याच्या उन्हात पहाटे उठून कुदळ धरली की स्वतःचा अंदाज आपोआप येतो. मोठ्या संस्थेत असो की आमच्यासारख्या लहान गावात, आधी कळवून आणि होकार आल्यावरच निघायचं.

येण्याचा महिना कामाकडे बघून ठरवा. वरोरा, भद्रावतीकडे कापूस आणि सोयाबीन, तर मूल, सिंदेवाही, नागभीडकडे धान. कापूस फुटला की बाया दिवसभर वेचणीला वावरात असतात, म्हणून त्या दिवसांत बचत गटाची बैठक दुपारी ठेवली तर तुम्ही एकटेच सतरंजीवर बसलेले असाल. धानाकडे हीच गत जुलै-ऑगस्टच्या रोवणीत होते. शहरही फिरायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत बरा वाटतो.

दुसरं: पोचायचं कसं

नागपूरहून चंद्रपूर रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वेने यायचं तर सेवाग्रामहून बल्लारशाकडे जाणारी गाडी हिंगणघाट, वरोरा, भांदक, चंद्रपूर अशी येते. भांदक म्हणजेच भद्रावतीचं स्टेशन. सगळ्या गाड्या मधल्या स्टेशनांवर थांबत नाहीत, तेवढं बघून तिकीट काढा. आणि एक घोटाळा टाळा. शहराला दोन स्टेशनं आहेत: एक चंद्रपूर, दुसरं चांदा फोर्ट. चांदा फोर्ट गोंदिया-बल्लारशा मार्गावर आहे. मागच्या वर्षी एक मुलगी एका स्टेशनवर आणि तिला घ्यायला गेलेला माझा पुतण्या दुसऱ्या स्टेशनवर, असे दोघं तासभर एकमेकांना फोन करत उभे होते.

स्टेशनपासून गावापर्यंत एसटी. बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट लागतं. गावात शेवटची येते ती मुक्कामी गाडी. ती रात्री गावातच थांबते आणि सकाळी तीच पहिली निघते. तिची वेळ कंडक्टरला विचारून वहीत लिहून ठेवा. ती चुकली की काळी-पिवळी शोधा, नाहीतर कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसा.

तिसरं: पहिला आठवडा शहराकडे फिरकू नका

हे ऐकायला कडक वाटेल, पण मी प्रत्येकाला सांगते. पहिले आठ दिवस गावातच काढा. घरोघरी जा, नावं पाठ करा, पाणी कुठलं प्यायचं ते समजून घ्या. गावाची ओळख झाली की शहराचे दरवाजे आपसूक उघडतात. कोणाची आत्या पठाणपुऱ्यात राहते, कोणाचा भाचा गोलबाजारात दुकानात कामाला असतो. त्यांच्या ओळखीनं पाहिलेला चांदा वेगळाच.

बोलीची थोडी तयारी ठेवा. "मी येऊन राहिलो" म्हणजे मी येतो आहे. इथे राहायला येतो असं नव्हे. "काहून" म्हणजे का. वावर म्हणजे शेत. बटाट्याला आलू म्हणतात आणि कोथिंबिरीला सांबार. पहिल्या दिवशी "भाजीवर सांबार टाकू का?" असं विचारलं की बाहेरची पोरं घाबरून नको म्हणतात. धानपट्ट्यात गेलात तर झाडीबोली कानावर पडेल, तिचा सूर आणखी निराळा. नक्कल करू नका, नुसतं ऐका. महिनाभरात तुमच्याही तोंडी "बापा" येतो.

नमस्कार करायच्या रीतीही इथे एकापेक्षा जास्त. एका गल्लीत राम राम, पुढच्या गल्लीत जय भीम, गोंड वस्तीत जय सेवा किंवा जोहार, आणि तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला जाणाऱ्या आजोबांना जय गुरुदेव. समोरचा जे म्हणेल तेच मनापासून परत म्हणा. वयानं मोठ्या बाईला मावशी किंवा काकू, माणसाला काका किंवा भाऊ. नुसतं नाव घेऊन हाक मारू नका.

जेवणात ताटाला नाव ठेवू नका. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, पाटोडीचा रस्सा, सणाला वडाभात. तिखट सोसत नसेल तर पहिल्याच दिवशी सांगा. मुकाट्यानं खाऊन तिसऱ्या दिवशी पोट धरून बसण्यात कोणाचंच भलं नाही. घरात राहत असाल तर महिन्याचे पैसे आधीच ठरवून द्या. मालकीण "राहू द्या" म्हणेल, तरी द्या.

चौथं: चार रविवार, चार फेऱ्या

परकोटाला चार मोठे दरवाजे आहेत: जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर. त्यांच्याशिवाय पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे: चोर, विठोबा, हनुमान, मसण आणि बगड. ही नावं शहरात म्हाताऱ्यांना विचारा; प्रत्येक खिडकीची एक गोष्ट निघते, आणि विचारता विचारता रस्ताही सापडतो.

पहिला रविवार जटपुरा ते बिनबा. सकाळी सातच्या आत जटपुरा गेटाशी पोचा. हा उत्तरेचा दरवाजा. नागपूरकडून येणारा शहरात शिरतो तो इथूनच, त्यामुळे नऊ वाजले की गाड्यांच्या गर्दीत मान वर करून बघायची सोय उरत नाही. बघायचं काय, तर दरवाजावर दगडात कोरलेला सिंह आणि त्याच्यापुढे दबलेला हत्ती. हे गोंड राजांचं चिन्ह. तुमच्या गावच्या गोंड कुटुंबातला कोणी सोबत असेल तर त्याला त्याबद्दल बोलू द्या, आपण ऐकावं. तिथून परकोट धरून बिनबा दरवाजाकडे चाला. वाटेत भिंत कुठे घरांच्या मागे जाते, कुठे तिच्यावर चढता येतं. कोणाच्या अंगणातून जायचं असेल तर विचारून जा.

हा परकोट असाच वळणावळणाचा का, त्याची एक कथा इथे सगळ्यांना ठाऊक आहे. बल्लारपूरला राजधानी असताना खांडक्या बल्लाळशहा राजाच्या अंगभर गाठी उठल्या होत्या, त्यावरूनच त्याला खांडक्या म्हणत. शिकारीला गेला असता झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात त्याला पाणी दिसलं. त्यानं तोंड धुतलं, पाणी प्यायलं, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी त्याला शांत झोप लागली. सकाळी राणीनं पाहिलं तर तोंडावरच्या गाठी गेलेल्या. ते तीर्थ म्हणजे अंचलेश्वर. पुढे तिथेच फिरताना राजाच्या कुत्र्यामागे एक पांढरा ससा लागला. कुत्रा पुढे, ससा मागे! ससा जसा धावला त्या रेघेवर शहराचा कोट बांधा, असं राणीनं सुचवलं. कथा ती कथाच, पण पायी चालताना भिंत अचानक वळली की आमच्याकडची पोरं अजूनही म्हणतात, "इथं ससा वळला."

बांधकाम एका राजाच्या हयातीत पुरं झालं नाही. पुढच्या पिढ्यांनी ते तडीस नेलं. १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून तो जिंकला. एवढं डोक्यात ठेवून चाललात तरी पुरे.

दुसरा रविवार पठाणपुऱ्याचा. दक्षिणेचा हा दरवाजा मला चारही दरवाजांत जास्त आवडतो, कारण बाहेर पडलं की थोड्याच वेळात शेतं आणि नदी लागते. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट, आणि शहराच्या दक्षिणेला दोघींची गाठ पडते. शहर इथेच का वसलं हे तिथे उभं राहिल्यावर कोणी सांगावं लागत नाही. पावसाळ्यात मात्र नदीकाठी जाऊ नका. वरच्या इरई धरणाचे दरवाजे उघडले की पाणी झपाट्यानं चढतं आणि सखल वस्त्यांत शिरतं.

तिसरा रविवार अंचलेश्वर आणि महाकालीचा. याला पूर्ण दिवस द्या. अंचलेश्वराच्या देवळाच्या भिंतींवरचं कोरीव काम सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतं. शेजारी गोंड राजघराण्याच्या समाध्या आहेत. त्यांतली बीरशहाची समाधी सर्वांत देखणी, आणि ती बांधली त्याच्या राणीनं, हिराईनं. नवरा गेल्यावर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हिनं राज्याचा गाडा ओढला. महाकालीचं आजचं देऊळही तिनंच उभारलं असं मानतात. मी पहिल्यांदा ही समाधी पाहिली ती लग्नानंतर दहा वर्षांनी, एका स्वयंसेवक मुलीनं हट्ट धरला म्हणून. तासाभराच्या अंतरावर राहून मला हिराई माहीत नव्हती, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं. आता येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी आधी तिथे पाठवते.

चैत्रात असाल तर महाकालीची यात्रा चुकवू नका. मराठवाड्यातून, नांदेड-परभणीकडून लोक गाणी म्हणत येतात, झरपटीत अंघोळ करतात, उघड्यावर चुली मांडतात. त्या उन्हात पाणी वाटायला, हरवलेल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या माणसांपर्यंत पोचवायला हात कमी पडतात. तो दिवस फिरण्यात न घालवता तिथे उभं राहा, असं माझं सांगणं आहे.

चौथ्या रविवारी परकोटाबाहेर, लालपेठकडे. तिथे उघड्यावर प्रचंड अखंड दगडातल्या मूर्ती पडून आहेत. सर्वांत मोठी दहा तोंडांची, सुमारे २५ फूट लांब, आडवी पहुडलेली. लोक तिला रावण म्हणतात, पण ती दुर्गा आहे. सांगतात की रायप्पा नावाच्या व्यापाऱ्यानं मोठं देऊळ बांधायला या मूर्ती घडवून घेतल्या आणि देऊळ उभं राहण्याआधीच तो गेला. मासा, कासव, गणपती, नंदी असे सगळे तिथेच थांबलेले. मूर्तींवर चढून फोटो काढू नका.

त्याच दिवशी शहरात परतून दोन ठिकाणी थांबा. एक, जिल्हा कारागृहाजवळ. इंग्रजांशी लढलेल्या बाबूराव शेडमाक्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इथे फाशी दिली. ते तेव्हा पंचवीस वर्षांचे होते, म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकांच्याच वयाचे. आत सहज जाता येत नाही. बाहेरूनच हात जोडा. दुसरी, दीक्षाभूमी. नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्यात दीक्षा दिली. बाहेरच्यांना नागपूर ठाऊक असतं, चांदा नसतो. आमच्या गावच्या बौद्धवाड्यात त्या दिवसाला गेलेल्या माणसांची नातवंडं आहेत. ऑक्टोबरच्या मध्यावर इथे असाल तर त्यांच्यासोबत जा.

पाचवं: परकोटाला हात लावायचा असेल तर

कित्येक वर्षं या भिंतीवर झाडं-झुडपं आणि कचरा माजला होता. २०१७ मध्ये इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी तिची सफाई हाती घेतली आणि कित्येक महिने रोज सकाळी श्रमदान केलं. अशा सफाईत कुठे हात लावायला मिळतो का, हे गावात ओळखीच्यांना विचारून बघा. नियम एकच: परकोट पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा सोबतचे जाणते सांगतील तेवढंच करायचं. भिंतीतलं पिंपळाचं रोप दिसलं म्हणून ओढू नका. मूळ ओढलं की दगडही सुटतो. सोबत जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट असू द्या. झुडपात साप, विंचू असतातच.

एक सकाळ हातानं दगड मोकळा केलात की पुढच्या रविवारी त्याच भिंतीकडे तुम्ही वेगळ्या नजरेनं बघता. हे मी पोरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की आता खात्रीनं सांगते.

सहावं: ऊन, वाघ आणि पाऊस

ऊन हलक्यात घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या पुढे जातो. अकरा ते पाच सावलीत राहा, डोक्याला दुपट्टा बांधा, खिशात कांदा ठेवा म्हणतील तर ठेवा, पण पाणी आणि मीठ-साखर त्याहून महत्त्वाचं. चक्कर, मळमळ, अंग तापून घाम थांबला, यांतलं काही झालं की वाट न बघता दवाखाना.

वाघ इथे गाडीत बसून पाहायची गोष्ट नाही, तो आमच्या वावराच्या बांधावरून जातो. पहाटे अंधारात एकट्यानं फिरायला, पळायला जाऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये बाया मोहफुलं वेचायला पहाटे जंगलाकडे जातात, तेव्हा त्यांच्यामागे फोटोसाठी तर मुळीच जाऊ नका. वाकून काम करणाऱ्या माणसावर हल्ल्याचा धोका जास्त. संध्याकाळी वावरातून परतायचं तर चार जणांनी मिळून, बोलत. रात्री शेतातून वाट तुडवू नका. रानडुकरांसाठी कोणी कुंपणात करंट सोडलेला असू शकतो.

ताडोबाला जायचं असेल तर सुटी मंगळवारी घेऊ नका, त्या दिवशी उद्यान बंद असतं. पावसाळ्यात गाभाक्षेत्रही बंद राहतं.

सातवं: रविवार उरलेच तर

भद्रावती जवळ आहे. विजासनच्या टेकडीतलं बौद्ध लेणं बघा: डोंगरात आत आत जाणारी लांब बोगद्यासारखी वाट आणि शेवटी अंधारात बसलेले बुद्ध. बॅटरी न्या आणि वटवाघळांना त्रास देऊ नका. त्याच गावात भद्रनाग आणि पार्श्वनाथाचं जैन मंदिर आहे, तेव्हा एका फेरीत तिन्ही होतात. बल्लारपूरचा किल्ला अर्ध्या दिवसाचा. शेवटचा गोंड राजा नीळकंठशहा तिथेच कैदेत होता. जुनोना तलावावर संध्याकाळ सुंदर असते, पण उजेडातच परता. थंडीत धानपट्ट्यात झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. कोणी बोलावलं तर शाल घेऊन जा आणि दुसऱ्या दिवशीचं काम दुपारी ठेवायला आधीच सांगून जा.

निघायच्या आधी

जाण्याच्या पंधरा दिवस आधी तुमचं काम कोणाच्या तरी हाती द्यायला लागा. वर्ग घेत असाल तर वही गावातल्याच बारावी झालेल्या मुलीकडे सोपवा आणि आठवडाभर तिला शिकवू द्या, तुम्ही मागे बसा. काढलेले फोटो छापून घ्या. चांद्यात छापून मिळतात. ज्यांचे आहेत त्यांच्या घरी नेऊन द्या. मोबाइलवर पाठवतो म्हणून कोणी पाठवत नाही.

आणि शेवटच्या रविवारी एकट्यानं शहरात जाऊ नका. ज्या घरी राहिलात तिथल्या पोराला किंवा आजीला सोबत न्या. आमच्या शेजारची सत्तरीची म्हातारी जन्मभर बाजाराला आणि दवाखान्यालाच चांद्याला गेलेली. गेल्या फेब्रुवारीत दोन पोरांनी तिला हाताला धरून हिराईच्या समाधीपाशी नेलं. ती बराच वेळ दगडावरून हात फिरवत राहिली, मग म्हणाली, "बाईनं बांधलं काय हे? मले काहून कोणी सांगतलं नाही?"

मुक्कामी गाडीत तिला खिडकीची जागा द्यायला विसरू नका.